पॉपअप आला नाही तर

थोरलीने प्रत्येक ओळीनंतर तीन सेकंदांची विश्रांती घातली आणि धाकटीने लिहिलेली टेस्टची स्क्रिप्ट पुन्हा चालू केली. ब्राउझर आपला आपण उघडला. नाव भरलं गेलं, पासवर्ड भरला गेला. एरवी हे सगळं पापणी लवेपर्यंत होऊन जायचं आणि कोणी बघायचंही नाही. आज मात्र एकेक अक्षर सावकाश उमटत होतं, एखाद्या आजीने चष्मा सावरत टाइप करावं तसं. बाकीची मंडळी जेवायला गेली होती. मजल्यावर एसीची घरघर होती, आणि थोरलीचा डबा टेबलावर तसाच होता.

रुग्णांची यादी उघडली. एक रुग्ण निवडला गेला. औषधाच्या रकान्यात औषधाचं नाव पडलं. आता पॉपअप यायला हवा होता. ‘या रुग्णाला या औषधाची ॲलर्जी आहे. तरीही द्यायचे?’ असा तो पॉपअप, खाली दोन बटणं. पण आज तो येणारच नव्हता, कारण त्या खोट्या रुग्णाच्या नोंदीतली ॲलर्जी थोरलीने आधीच पुसून टाकली होती. म्हणजे टेस्टने आता बोंब मारायला हवी होती, की पॉपअप आला नाही, काहीतरी बिघडलंय. तेवढ्यासाठीच तर ती टेस्ट लिहिलेली.

तीन सेकंद गेले. आणखी तीन गेले. स्क्रिप्ट मुकाट्याने पुढच्या ओळीवर गेली, तिने औषध रुग्णाच्या कागदावर चढवलं, ब्राउझर बंद केला आणि हिरव्या अक्षरांत लिहून मोकळी झाली: पास.

थोरलीने ती आणखी दोनदा चालवली. दोन्ही वेळा पास. मग तिने घातलेल्या विश्रांत्या काढल्या, रुग्णाची ॲलर्जी परत लिहिली, हात धुऊन आली आणि डबा उघडून चवीने जेवली. गेल्या कित्येक दिवसांत तिला इतकी भूक लागली नव्हती.

कंपनी लहान होती. हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर करायची. डॉक्टर त्यात औषध लिहिणार, नर्स ते बघून देणार, आणि मध्ये काही धोका असेल तर पॉपअप आडवा येणार. हे सगळं नीट चालतं का, हे बघायला टेस्टिंगची चार माणसं होती. त्यातली थोरली सगळ्यांत जुनी, अकरा वर्षांची. पूर्वी पॉपअप हाताने दाबून बघायचे तेव्हाही ती होती आणि आता स्क्रिप्ट आपोआप दाबतात तेव्हाही होती. हाताने करायचं काम स्क्रिप्टवर आणलं तेही तिनेच, कोणी न शिकवता, पुस्तकं उघडून.

धाकटी दोन वर्षांपूर्वी आली. आणली कोणी, तर थोरलीने. दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली. शिकलेली, हुशार, तोंडाने गोड. घरी बसून कंटाळेल बिचारी म्हणून थोरलीने स्वतः सरांकडे शब्द टाकला होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही.

पहिल्या वर्षातच धाकटीने दोनशे बारा टेस्ट लिहिल्या. रोज सकाळी दहाला त्या चालायच्या आणि रोज सकाळी सगळ्या हिरव्या. थोरलीच्या टेस्ट पॉपअपची दहा सेकंद वाट बघायच्या आणि नाही आला तर लाल व्हायच्या. मशीन हळू असलं की पॉपअप अकराव्या सेकंदाला यायचा आणि टेस्ट उगाच लाल. सोमवारी सगळे एकदम कामाला लागत, मशीन दमून जाई आणि थोरलीच्या यादीत हमखास एखादं लाल दिसे. सर हसून म्हणायचे, “ताईंचं लाल दिसलं, म्हणजे आज सोमवार.” सगळे हसायचे. थोरलीही हसायची, आणि घरी जाऊन भांडी जरा जोरात आपटायची.

‘ताई’ हेही धाकटीचंच. आधी ऑफिसात थोरलीला मॅडम म्हणत. धाकटी आली, घरच्या सवयीने ताई म्हणू लागली आणि महिन्याभरात ती साऱ्या मजल्याची ताई झाली. सरही म्हणायला लागले, जे तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान होते.

आणि घर तरी कुठे सुटलं होतं? वर थोरलीचा संसार, खाली धाकटीचा, स्वयंपाकघर एकच. सासूबाईंचा फोन अडला की “धाकटी कुठाय गं?” थोरली समोर उभी असली तरी. तेही चालवून घेतलं असतं. पण मागच्या महिन्यात थोरलीची बारा वर्षांची लेक गणिताची वही घेऊन जिना उतरून खाली निघाली तेव्हा थोरलीने विचारलं, “मी सांगते की, दे इकडे.” लेक म्हणाली, “काकूचं पटकन कळतं गं.” त्यात वाईट असं काही नव्हतं. लेक खाली गेली आणि थोरली जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. त्या दिवशी तिने स्वतःशी कबूल केलं, की आपण जळतो. धाकटीच्या हिरव्या यादीवर जळतो, तिच्या हसण्यावर जळतो, ती पीठ मळते त्यावरसुद्धा जळतो.

आता टीम लीडची जागा निघाली होती. शुक्रवारी मीटिंग होती, मोठे साहेब येणार होते आणि दोघींपैकी एकीचं नाव ठरणार होतं. कुणाचं, ते चहावाल्यालाही माहीत होतं.

आणि आज मंगळवारी थोरलीच्या हाती घबाड लागलं होतं. धाकटीच्या टेस्ट हिरव्या का, तर त्या लाल होऊच शकत नव्हत्या. पॉपअप आला तर ओके दाबायचं, नाही आला तर पुढे जायचं. असल्या टेस्टला कोण नापास करणार? पॉपअपच्या चौतीस टेस्ट होत्या आणि चौतीसही तशाच.

लगेच सांगायचं की नाही, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पडला. पण आज सांगितलं असतं तर काय झालं असतं? सर म्हणाले असते, बरं झालं ताई, द्या दुरुस्त करून. धाकटीने जीभ चावली असती, गोड हसली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त. शुक्रवारी साहेबांसमोर मोठ्या पडद्यावर ती टेस्ट तीन-तीन सेकंदांनी चालताना दिसली, तर गोष्ट वेगळी होती.

संध्याकाळी दोघी नेहमीप्रमाणे एकाच स्कूटरवरून निघाल्या. थोरली चालवायची, धाकटी मागे बसायची.

“ताई, आज गप्प गप्प?”

“डोकं दुखतंय.”

“मग मी चालवते ना.”

“नको.”

स्कूटर तेवढी अजून थोरलीच्या हातात होती. ती सोडायचा तिचा विचार नव्हता.

घरी पोहोचल्यावर धाकटी पाणी आणि गोळी घेऊन वर आली. “त्या दुसऱ्या गोळीने तुम्हाला पित्त होतं ना, म्हणून ही आणली,” ती म्हणाली. डोकं दुखत नव्हतं. तरी थोरलीने गोळी घेतली, कारण धाकटी समोर उभी होती. आपल्या नवऱ्याला चौदा वर्षांत हे लक्षात राहिलं नाही, हिला कसं राहतं, असं तिच्या मनात आलं आणि त्याचाही तिला राग आला.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती शुक्रवारची तयारी करायला बसली. धाकटीच्या कोडमधली नेमकी ती ओळ पडद्यावर दाखवायची होती, म्हणून तिने फाइल उघडली. मंगळवारी तिने फक्त स्क्रिप्ट चालवली होती. सापडल्याच्या आनंदात वर-खाली वाचायचं राहून गेलं होतं. आता तिने वाचलं. त्या ओळीच्या वर एक कमेंट होती. कमेंट म्हणजे मशीनसाठी नसलेली ओळ. मशीन ती वाचत नाही. पुढे कोणी माणूस हे उघडेल त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतात. धाकटीने लिहिलं होतं:

‘पॉपअप आला तर ओके, नाही आला तर पुढे जायचं. ताईंनी सांगितल्याप्रमाणे.’

शेजारी तारीख होती. धाकटीच्या नोकरीचा दुसरा आठवडा.

थोरलीला विसरायला झालं होतं असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तिला सगळं आठवलं. त्या दिवशी सकाळी सरांनी सगळ्यांसमोर धाकटीचं कौतुक केलं होतं. आठ दिवसांत हिला जे सापडलं ते आपल्याला वर्षभर दिसलं नाही, असं म्हणाले होते, आणि त्या ‘आपल्याला’मध्ये थोरली होती. दुपारी धाकटी खुर्ची ओढून तिच्याजवळ आली. वही-पेन घेऊन, शाळेतल्यासारखी.

“ताई, पॉपअप आला तर ओके दाबायचं, हे कळलं. पण पॉपअप आला नाही तर?”

नव्या माणसाने विचारावा असा याहून चांगला प्रश्न नाही. थोरलीने स्वतः तो प्रश्न स्वतःला विचारायला तीन वर्षं घेतली होती. तिने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “नाही आला तर पुढे जा.” आणि धाकटीने ते वहीत लिहून घेतलं.

घाईत होते, असं थोरली नंतर मनाशी म्हणत आली होती. घाई कसलीच नव्हती. पुढेमागे सर तपासतील, चूक सापडेल, चार बोलणी बसतील आणि हिचं पाणी जोखलं जाईल, एवढाच तिचा हिशोब होता. पण सरांनी कधी तपासलं नाही. हिरव्या टेस्टला कोण तपासतं? ती अर्धी शिकवण चौतीस जागी गेली आणि तिच्याच जोरावर धाकटी पुढे निघून गेली. म्हणजे धाकटीला वर चढवलं कोणी, तर हेही थोरलीनेच.

 थोरलीने ती कमेंट पुसली आणि बदल जतन केला. इतर कुठलाही बदल करायचा तर दुसऱ्या कोणीतरी बघून होकार द्यावा लागे. नुसती कमेंट असेल तर कोणी विचारत नसे. मग तिने उरलेल्या तेहतीस जागा धुंडाळल्या. तिचं नाव तिथे नव्हतं. धाकटीने ते पहिल्या ठिकाणीच लिहिलं होतं, आणि पुढे नुसती तीच ओळ उचलून ठेवत गेली होती.

इथे सांगायला हवं, की थोरली नव्या माणसांना पहिल्या दिवशी जे धडे द्यायची त्यातला पहिला हा असे: या कोडमधलं पुसलेलं काही पुसलं जात नाही. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठली ओळ काढली, ते सगळं हिस्टरीत बसतं, आणि हिस्टरी कोणालाही उघडता येते. अकरा वर्षं तिने हे सांगितलं होतं. बुधवारी एक वाजून बावीस मिनिटांनी ते तिलाच आठवलं नाही. आठवलं ते स्कूटरवर, अर्ध्या रस्त्यात, आणि तिने ब्रेक इतका जोरात दाबला की धाकटी मागून तिच्यावर आदळली.

“काय झालं, ताई?”

“कुत्रं आडवं आलं.”

“कुठाय?”

“गेलं.”

गुरुवारी नवं व्हर्जन जायचं होतं. दुपारी चारला ते एका मोठ्या हॉस्पिटलात चालू होणार होतं. सकाळी दहाला टेस्ट चालल्या. धाकटीच्या दोनशे बारा हिरव्या. थोरलीच्या यादीत एक लाल, पॉपअपची.

“ताईंचं लाल,” सर जाता जाता म्हणाले. “आज तर सोमवारही नाही. मशीन हळू असेल, पुन्हा चालवा.”

तिने पुन्हा चालवली. लाल. तिसऱ्यांदा चालवली. लाल. मग स्क्रिप्ट बाजूला ठेवून तिने जुन्या सवयीने हाताने करून बघितलं. रुग्ण निवडला, औषध लिहिलं आणि वाट बघितली. दहा सेकंद. एक मिनिट. पॉपअप आला नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, पत्त्याच्या अगदी शेवटी, मोहरीएवढी एक खूण तेवढी उमटली होती. तिने तिच्यावर माउस नेला. ‘पॉपअप रोखला आहे.’

तिला कळायला वेळ लागला नाही. आतापर्यंत ती सूचना पानाच्या आतच यायची. नव्या व्हर्जनमध्ये डेव्हलपरने ती वेगळ्या खिडकीत दाखवायला घेतली होती, मोठी दिसावी म्हणून. आणि न मागता उघडणारी खिडकी बघितली की ब्राउझर तिला जाहिरात समजून दारातच अडवतो. कुठे आरडाओरडा नाही, चूक नाही. औषध सरळ रुग्णाच्या कागदावर.

अकरा वाजले होते. थोरली उठली नाही.

सांगितलं की सर पहिला प्रश्न विचारणार, मग हिच्या चौतीस टेस्ट हिरव्या कशा? कोड उघडणार. हिस्टरी उघडणार. हे एक. दुसरं तिच्या मनात आलं ते तिने आधी हाकललं, पण ते पुन्हा आलं आणि बसलं. नाही सांगितलं तर व्हर्जन जाईल, कधीतरी हॉस्पिटलातून फोन येईल, आणि त्या दिवशी सगळे धाकटीची हिरवी यादी काढतील. मग कुणी पडद्यावर काही दाखवायची गरजच उरणार नाही. थोरलीच्या यादीत तर लाल होतंच. तिने कुठे काय लपवलं होतं?

ती जेवायला गेली. परत आली. धाकटीने तिच्यासाठी चहा आणून ठेवला होता, तो गार होऊन त्यावर साय धरली. तीन वाजले. तिने पुन्हा एकदा हाताने औषध लिहून बघितलं, जणू तिच्या नकळत कोणीतरी ते दुरुस्त केलं असेल.

मागे एकदा ती एका हॉस्पिटलात नर्सना हे सॉफ्टवेअर शिकवायला गेली होती. तिथली एक जाडजूड नर्स, उभ्या उभ्याच शिकत होती, कारण बसली तर झोप लागेल म्हणाली. ती म्हणाली होती, “मॅडम, एका वेळी चाळीस पेशंट असतात. ॲलर्जी कुणाला कशाची, हे आम्ही नाही हो लक्षात ठेवू शकत. तुमचा तो चौकोन आला की थांबतो. नाही आला की देतो.”

नाही आला की देतो. साडेतीन वाजता थोरली उठली आणि सरांच्या टेबलाशी गेली. 

“सर, व्हर्जन थांबवा.”

“ताई, ते लाल नेहमीचंच...”

“हाताने बघितलंय. तुम्ही बघा.”

सरांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग डेव्हलपरला हाक मारली. डेव्हलपर आला, त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “माझ्या मशीनवर येतो.”

“येत असेल,” थोरली म्हणाली. “तू तुझ्या ब्राउझरला परवानगी देऊन ठेवली असशील. तुझं मशीन हॉस्पिटलात नेऊन ठेवणार आहेस का?”

 “पण हिच्या तर सगळ्या हिरव्या आहेत,” सर म्हणाले आणि तडक धाकटीच्या टेबलाकडे निघाले. थोरली मागोमाग गेली. जायचं नव्हतं, तरी गेली.

धाकटीने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. तिने फाइल उघडली, बोट पडद्यावर फिरवत ती ओळ शोधली. तेवढ्यात सरांनी हॉस्पिटलला फोन लावला आणि बोलत बोलत ते खिडकीशी गेले.

“इथे एक ओळ होती,” धाकटी पुटपुटली. स्वतःशीच.

तिने हिस्टरी उघडली. डाव्या बाजूला काढलेली ओळ लाल रंगात होती. ‘ताईंनी सांगितल्याप्रमाणे.’ तिच्याखाली थोरलीचं नाव होतं. काल, एक वाजून बावीस मिनिटं.

थोरली तिच्या खुर्चीमागे उभी होती. धाकटीने मागे वळून बघितलं नाही. तिचे कान तेवढे लाल होत गेले. तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि सर फोन ठेवून वळले तेव्हा हिस्टरी बंद केली.

“थांबवलं एकदाचं,” सर म्हणाले. “काय निघालं?”

“माझंच चुकलं, सर. पॉपअप आला नाही तर पुढे जा, असं लिहिलंय मी. सगळ्या चौतीस ठिकाणी.” तिचा आवाज स्थिर होता. “कुणालातरी विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही.”

 सुटले, एवढंच थोरलीला प्रथम वाटलं.

“असू दे,” सर म्हणाले. त्यांना रागावतासुद्धा आलं नाही. “पण ताई, तुम्ही आज होतात म्हणून. बापरे. उद्याच्या मीटिंगमध्ये आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही. मी साहेबांना आत्ताच सांगतो, लीड म्हणून तुमचंच नाव.”

दोन वर्षं जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं. जागा, मान, आणि धाकटीची चूक, तिच्याच तोंडून. आणि हे सगळं तिला दिलं होतं कोणी? तर समोर बसलेल्या या पोरीने. इतक्या सहज, की जणू स्वयंपाकघरात दुसरीच्या हातातलं जड पातेलं घ्यावं. थोरलीच्या पोटात पुन्हा ती ओळखीची आग पेटली, आणि ती आधीपेक्षा मोठी होती. हिने हेही आपल्यापेक्षा चांगलं करावं? हिने खोटंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं बोलावं? उद्यापासून आपण लीड, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात ही शेजारी उभी राहणार, गोड हसणार, आणि कधीही काही बोलून दाखवणार नाही. जन्मभर नाही. ते मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

“विचारलं होतं तिने,” थोरली म्हणाली.

सर थांबले. “कुणाला?”

“मला. आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मी म्हटलं, नाही आला तर पुढे जा. चुकीचं आहे हे मला माहीत होतं. तिने माझं नाव घालून तिथे लिहूनही ठेवलं होतं. ते मी काल काढलं.” तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे बोलणं सोपं होतं. “आणि टेस्टमधली चूक मला मंगळवारीच कळली होती. उद्या साहेबांसमोर काढायची म्हणून बोलले नाही. आजचा पॉपअप येत नाही, हेही अकरा वाजल्यापासून माहीत होतं. हिस्टरी उघडून बघा हवं तर.”

सरांनी हिस्टरी उघडली नाही. त्यांनी एकदा थोरलीकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि डेव्हलपरला घेऊन ते आपल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला. डेव्हलपरने जाताना मान खाली घातली होती.

धाकटी खुर्चीसकट वळली.

“कशाला बोललात?”

तिने ताई म्हटलं नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं.

“मी सांभाळून घेतलं होतं ना,” धाकटी म्हणाली. दात आवळून, हळू आवाजात. “झालं होतं सगळं. मी घेतलं होतं माझ्यावर. तेवढंही तुम्हाला बघवलं नाही?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. थोरलीने तो चेहरा नीट बघितला. आभार नव्हते तिथे, माफी नव्हती, गोडवा तर औषधालाही नव्हता. हातात आलेला मोठेपणा कोणीतरी ऐनवेळी हिसकावून नेल्यावर माणूस जसा बघतो तशी ती बघत होती. हा चेहरा थोरलीच्या ओळखीचा होता. तिने तो रोज सकाळी वेणी घालताना आरशात पाहिला होता.

घरात आल्यापासून पहिल्यांदाच धाकटी तिला जवळची वाटली.

तिने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसली.

“चौतीस आहेत,” ती म्हणाली. “पहिली उघड.”

धाकटी हलली नाही. मग तिने नाक ओढलं, माउस हातात घेतला आणि पहिली उघडली.

“सरक थोडी,” थोरली म्हणाली. “मला दिसत नाहीये.”

“तुम्हीच सरका,” धाकटी म्हणाली.